मिसो सूप: मिसो शेवटी, गॅस बंद करूनच

मिसो सूप जमलं नाही, नुसतं खारट पाणी झालं, असं कुणी सांगितलं की मी आधी एवढंच विचारते: मिसो कधी घातला? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, भाज्यांबरोबरच घातला आणि छान दहा मिनिटं उकळला. घोळ इथेच होतो. मिसो हा मसाला नाही, शिजवून मुरवायचा तर मुळीच नाही. सोयाबीन, मीठ आणि कोजी (तांदळावर, सातूवर किंवा सोयाबीनवरच वाढवलेली बुरशी) यांपासून हा घट्ट जपानी लगदा बनतो आणि आंबवताना महिनोन्‌महिने मुरूनच आपल्यापर्यंत पोहोचतो. आपल्याला फक्त तो नीट विरघळवायचा असतो. उकळत्या सूपात त्याचा सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि मीठ तेवढं मागे राहतं.

खाली दिलेला क्रम पाळलात तर प्रत्यक्ष गॅससमोर वीस मिनिटांच्या आत काम होतं. भिजवायचं मात्र आदल्या रात्री.

दोन मोठ्या वाट्यांसाठी लागणारं साहित्य

- पाणी ६०० मिली
- कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ), साधारण ५ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब तुकडा
- सुके शिताके मश्रूम २
- चिरलेल्या भाज्या मिळून २५० ग्रॅम: गाजर, मुळा किंवा लाल भोपळा, कांदा, कोबी, थोडा पालक
- टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) १५० ग्रॅम
- मिसो सपाट २ मोठे चमचे (१५ मिलीचा चमचा), म्हणजे साधारण ३६ ग्रॅम. हा अंदाज लाल किंवा मध्यम पिवळसर मिसोचा
- वरून घालायला कांद्याची पात

मीठ या यादीत नाही. ते राहून गेलेलं नाही.

टप्पा १: डब्यावरचं लेबल वाचा

हा टप्पा गाळला की पुढचं सगळं मोजमाप हुकतं. सगळे मिसो सारखे नसतात. पांढरा मिसो (शिरो) कमी दिवस आंबवलेला, गोडसर आणि कमी खारट असतो. त्याच्या गोड प्रकारांत मीठ ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास असतं. लाल मिसो (आका) जास्त मुरलेला, उग्र, आणि त्यात मीठ ११ ते १३ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे एकाचे दोन चमचे आणि दुसऱ्याचे दोन चमचे यांत मिठाचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. रंगावरून अंदाज करू नका, कारण पिवळसर दिसणारे काही मिसो लाल मिसोइतकेच खारट असतात. आकडा वाचा.

लेबलवर बहुधा सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्याला २.५ ने गुणा आणि १००० ने भागा, की मीठ ग्रॅममध्ये मिळतं. समजा १०० ग्रॅम मिसोमध्ये ४,५०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर मीठ सव्वाअकरा ग्रॅम. एका वाटीत १८ ग्रॅम मिसो गेला तर मीठ झालं २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. एका वाटीत त्यातला मोठा हिस्सा संपतो. हे सूप पौष्टिक ठरायचं असेल तर वाटी भाज्यांनी भरलेली हवी आणि मिसो मोजून घातलेला हवा. भाज्या कमी आणि रस्सा जास्त झाला की हिशेब उलटतो.

लेबलवर आणखी दोन गोष्टी बघा.

पहिली, घटकांच्या यादीत मासा आहे का. काही डब्यांत मिसोबरोबर दाशीही मिसळलेली असते. दाशी म्हणजे जपानी सूपाचा पायाभूत रस्सा, आणि तो बऱ्याचदा कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो. शाकाहारी माणसाने फक्त सोयाबीन, तांदूळ, मीठ आणि कोजी लिहिलेला डबा घ्यावा. दाशी मिसळलेला मिसो वापरत असाल तर कोम्बू आणि शिताके यांची गरज उरत नाही.

दुसरी, धान्य कोणतं आहे. ग्लूटेन चालत नसेल तर सातूचा मिसो (मुगी) टाळा. सोयाबीनची ॲलर्जी असेल तर हे सूप तुमच्यासाठी नाहीच.

*इशारा:* कोम्बूमध्ये आयोडीन खूप असतं. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो रोजच्या वापरात आणू नका. नुसत्या शिताकेचा रस्साही चांगला होतो. आंबवलेल्या सोया पदार्थांत टायरामाइन नावाचं द्रव्य असतं, म्हणून एमएओ इन्हिबिटर गटातली (नैराश्यावर वगैरे दिली जाणारी) औषधं घेणाऱ्यांनी मिसो खाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

टप्पा २: रात्री भिजवा

चवीचा अर्धा भाग इथेच ठरतो, आणि यात तुमचं काम जेमतेम दोन मिनिटांचं.

कोम्बूवर पांढरी भुकटी दिसते. बुरशी समजून लोक ती नळाखाली चोळून धुतात. ती बुरशी नाही, तिच्यात मॅनिटॉल (एक गोडसर द्रव्य) असतं आणि चवीचा भाग तिच्यातही आहे. ओलसर फडक्याने धूळ, रेती तेवढी टिपून घ्या. शिताकेच्या टोपीखालच्या पातळ घड्यांत माती अडकली नाही ना, ते बघा आणि शिताके भराभर खळबळून घ्या.

दोन्ही ६०० मिली थंड पाण्यात घाला आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. पाणी थंडच हवं. गरम पाण्यात शिताके लवकर मऊ होतात हे खरं, पण चव उथळ येते. कोम्बूमध्ये ग्लुटामेट असतं आणि सुकवलेल्या शिताकेमध्ये ग्वानिलेट. ही दोन्ही उमामीची (भरीव, रसरशीत चवीची) द्रव्यं एकत्र आली की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त भरीव लागते. त्यामुळे रस्सा माशाशिवाय, तेलाशिवायही पोकळ वाटत नाही.

रात्री राहून गेलं तर? निदान अर्धा तास भिजवा आणि पुढच्या टप्प्यात आच आणखी मंद ठेवा. चव थोडी फिकी येईल, पण सूप होईल.

*तपासणी:* सकाळी पाणी फिकट पिवळसर तपकिरी दिसायला हवं. शिताकेचा देठाजवळचा भाग दाबून बघा. आत कडक गाठ लागली तर अजून तासभर राहू द्या.

टप्पा ३: चिरताना वेळेचा विचार करा

सगळ्या भाज्या एका आकारात चिरणं ही या सूपातली दुसरी मोठी चूक. सगळ्या एका वेळी शिजायला हव्यात म्हणून लोक तसं करतात, पण होतं उलटं: कोबीचा लगदा होतो आणि गाजर करकरीतच राहतं. कठीण भाजी पातळ चिरा, मऊ भाजी मोठी ठेवा.

गाजर आणि मुळा ३ मिलिमीटर जाडीच्या अर्धगोल किंवा पाव चकत्यांत. लाल भोपळा दीड सेंटिमीटरच्या फोडी, सालासकट, नाहीतर तो विरघळतो. बटाटा घालणार असाल तर एक सेंटिमीटरच्या फोडी, आणि गाजर घालण्याआधी चार मिनिटं त्यांना पुढे जाऊ द्या. कांदा उभा पातळ. कोबीची पानं दोन बोटं रुंद तुकड्यांत, मधला जाड दांडा वेगळा काढून बारीक चिरलेला. तो दांडा गाजराबरोबर जातो, पानांबरोबर नाही. भिजलेल्या शिताकेचे देठ कापून टाका, टोपीच्या पट्ट्या करा.

पालक सूपात कच्चा घालू नका. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे रस्सा तुरट होतो आणि दात आंबल्यासारखे वाटतात. वेगळ्या उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, गार पाण्यात काढा, घट्ट पिळा आणि बाजूला ठेवा. ते पाणी फेकून द्या.

टोफूचे दीड-दोन सेंटिमीटरचे चौकोन करा. मऊ टोफू असेल तर तळहातावर ठेवून, सुरी पुढेमागे न ओढता सरळ खाली दाबत कापा आणि तिथूनच अलगद रश्श्यात सोडा. ताटात कापून उचलायला गेलात की कोपरे मोडतात.

*तपासणी:* गॅस पेटवण्याआधी चिरलेल्या भाज्यांचे तीन ढीग समोर हवेत: सावकाश शिजणाऱ्या, लवकर शिजणाऱ्या, आणि न शिजवता वाटीत जाणाऱ्या. एकदा पातेलं तापलं की चिरायला वेळ मिळत नाही.

टप्पा ४: रस्सा तापवा, कोम्बू वेळेवर बाहेर काढा

भिजवलेलं पाणी कोम्बूसकट पातेल्यात ओता. शिताके तुम्ही काढून चिरलेच आहेत, तळाशी माती बसली असेल तर शेवटचा घोट ओतू नका. मध्यम मंद आचेवर ठेवा आणि पातेल्यापासून हलू नका.

आधी काहीच होत नाही. मग पातेल्याच्या कडेला आणि कोम्बूच्या अंगावर मोहरीएवढे बुडबुडे चिकटून बसतात. थोड्या वेळाने त्यातले काही सुटून वर येऊ लागतात, कोम्बूची कड किंचित उचलली जाते आणि समुद्राचा मंद वास येतो. उकळी अजून लांब असते. हाच क्षण. चिमट्याने कोम्बू बाहेर काढा.

उकळीत राहिला तर कोम्बू चिकट द्रव सोडतो आणि रस्सा कडवट, बुळबुळीत होतो. एकदा फोन घेण्यापुरती मी पातेल्याकडे पाठ फिरवली होती. परत आले तर खळखळून उकळी आलेली. पुढे कितीही भाज्या घातल्या तरी तो बुळबुळीतपणा गेला नाही. तो रस्सा ओतून द्यावा लागला.

काढलेला कोम्बू टाकून देऊ नका. बारीक पट्ट्या करून सूपातच शेवटी घालता येतो, किंवा तीळ आणि सोया सॉसबरोबर परतून खाता येतो.

टप्पा ५: भाज्या, ठरलेल्या क्रमाने

कोम्बू काढल्यावर आच वाढवायला हरकत नाही. शिताकेच्या पट्ट्या लगेच घाला. शिताके अर्धेकच्चे खाऊ नयेत, काहींच्या अंगावर त्याने खाज सुटणारं पुरळ येतं. शिवाय हे भिजवलेलं पाणी रात्रभर ठेवलेलं आहे, त्याला एक नीट उकळी यायलाच हवी. उकळणं चालतं ते इथे. मिसोनंतर नाही.

१. गाजर, मुळा, कोबीचा दांडा, कांदा रस्सा कोमट असतानाच शिताकेबरोबर घाला. थंड किंवा कोमट रश्श्यापासून तापत गेलेली कंदभाजी आतून बाहेरून सारखी शिजते. उकळी आल्यावर आच कमी करून ५-६ मिनिटं. भोपळा असेल तर ८.

२. वर राखाडी फेस आला तर पळीने एकदा काढून टाका. प्रत्येक बुडबुड्यामागे धावायची गरज नाही.

३. कोबीची पानं घाला. ३ मिनिटं.

४. टोफू घाला. १-२ मिनिटं, फक्त आतपर्यंत गरम होण्यापुरता. जास्त उकळला की त्याला छिद्रं पडतात आणि तो चिवट होतो.

झाकण ठेवायचंच असेल तर अर्धवट. पूर्ण झाकलं की रस्सा उतू जातो आणि कोबीचा उग्र वास आतच कोंडतो.

तेल हवं का? हवंच असं नाही. पण थंडीत किंवा हेच जेवण म्हणून खायचं असेल तेव्हा मी दुसऱ्या पातेल्यात एक छोटा चमचा तिळाच्या तेलात कांदा आणि गाजर दोन मिनिटं परतते, मग त्यावर रस्सा ओतते. सूपाला अंग येतं आणि पोट भरल्यासारखं वाटतं. कांदा लाल करू नका, जळकी गोडी मिसोवर कुरघोडी करते.

*तपासणी:* गाजराची चकती चमच्याच्या कडेने दाबली की तुटायला हवी. ती कच्ची असेल तर आत्ताच शिजवा. मिसो घातल्यावर परत शिजवायची सोय नाही.

*इशारा:* या टप्प्यावर रस्सा चाखाल तेव्हा अळणी लागेल आणि हात मिठाकडे जाईल. आवरा. मीठ अजून यायचं आहे.

टप्पा ६: मिसो

गॅस बंद करा. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, साधारण मिनिटभर थांबा.

मिसो पातेल्यात थेट टाकायचा नाही. तो घट्ट असतो, टोफू आणि भाज्यांच्या मध्ये गोळा होऊन बसतो आणि कितीही ढवळलं तरी सापडत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका सूपात असंच झालं. सगळ्यांना फिकं सूप मिळालं आणि शेवटच्या वाटीत अक्रोडाएवढा मिसोचा गोळा निघाला. ज्यांनी तो चमच्यात घेतला त्यांचा चेहरा अजून आठवतो.

विरघळवायच्या दोन पद्धती आहेत.

*वाटीत:* पळीभर गरम रस्सा वाटीत घ्या, त्यात मिसो घालून चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेवर रगडा. दह्यासारखं एकजीव, गुठळीविरहित झालं की पातेल्यात ओता.

*गाळणीत:* बारीक जाळीची गाळणी रश्श्यात अर्धी बुडवा, तिच्यात मिसो ठेवा आणि चमच्याने गोल फिरवत दाबा. मिसो ढगासारखा जाळीतून खाली उतरतो आणि वर कोजीचे तांदूळदाणे, सोयाबीनची सालं उरतात. गुळगुळीत सूप हवं असेल तर ती काढून टाका. मी ती सूपातच परत घालते, चावताना छान लागतात.

आधी दीड चमचा विरघळवा. एकदा हलकेच ढवळा, चाखा. मग उरलेला अर्धा थोडा थोडा. भाज्यांचं पाणी सुटलेलं असतं, रस्सा किती आटला तेही दरवेळी वेगळं, म्हणून मोजमाप हा अंदाज आहे, निकाल जिभेचा. पांढरा गोड मिसो असेल तर तीन चमच्यांपासून सुरुवात करा. थोडा लाल आणि थोडा पांढरा मिसळून घातला तर दोघांची उणीव भरून निघते, माझी आवड हीच.

एवढ्यात सूप गार झालं असेल तर मंद आचेवर ठेवा आणि कडा थरथरू लागल्या की लगेच उतरवा. उकळी फुटण्याच्या अगदी आधीच्या या क्षणाला जपानी स्वयंपाकात वेगळा शब्दच आहे, निएबाना. मिसोचा सुवास तेव्हा सगळ्यात खुललेला असतो.

पाश्चराइज न केलेल्या मिसोमधले जिवंत सूक्ष्मजीव टिकावेत म्हणून गॅस बंद करायचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते इतक्या गरम रश्श्यात फारसे टिकणार नाहीत. त्यांच्यासाठीच मिसो खायचा असेल तर काकडीला लावून कच्चा खा. इथे आपण सुवास राखतो आहोत, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

*चव बिघडली तर:* खारट झालं असेल तर साधं गरम पाणी आणि मूठभर जास्तीचा टोफू घाला. साखर घालू नका. फिकं वाटलं तर लगेच मिसो वाढवू नका, आधी बघा की कमतरता मिठाची आहे की रश्श्याची. जिभेच्या टोकाला खारट लागतं पण घोट गिळल्यावर मागे काहीच उरत नाही, तर रस्सा कमजोर आहे. पुढच्या वेळी जास्त भिजवा. आज मिसो वाढवून ती उणीव भरणार नाही.

टप्पा ७: वाटीत

पिळलेला पालक मोकळा करून आधी वाटीच्या तळाशी ठेवा, त्यावर सूप ओता. असा तो हिरवागार राहतो. पातेल्यात घातला तर पाच मिनिटांत काळपट होतो. कांद्याची पात वरून. सुका वाकामे (आणखी एक समुद्री शेवाळ) घालायचा असेल तर दोन माणसांना मोठी चिमूट पुरते. भिजल्यावर तो कितीतरी पटींनी फुगतो, आणि पहिल्यांदा घालणारा हमखास मूठभर घालतो.

वाटी दोन मिनिटं ठेवली की मिसो खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. मग तळातून ढग उसळून वर येतात, पुन्हा खाली जातात. सूप फाटलेलं नाही. मिसोचे बारीक कण गरम रश्श्याच्या प्रवाहाबरोबर फिरत असतात. चमच्याने एकदा ढवळा आणि प्या.

उरलं तर, आणि डबा ठेवताना

दोन वेळचं करायचं असेल तर सगळ्या पातेल्यात मिसो घालूच नका. पाचव्या टप्प्यानंतर अर्धा भाजीसकट रस्सा वेगळा काढा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांत कधीही त्याला उकळी आणा, गॅस बंद करा आणि वाटीमागे एक चमचा मिसो विरघळवा. ताजं सूप पाच मिनिटांत तयार. टोफू मात्र तेव्हाच ताजा घाला. मिसो घातलेलं सूप उरलंच तर ते वाफा येईपर्यंत नीट गरम करा, आणि खाली उतरवल्यावर अर्धा छोटा चमचा ताजा मिसो घाला, उडालेला सुवास थोडा परत येतो.

डबा उघडल्यावर मिसोचा पृष्ठभाग चमच्याने सपाट करा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद हवा न राहील असा चिकटवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्येही चालतो, मिठामुळे घरच्या फ्रीझरमध्ये तो दगडासारखा गोठत नाही, थेट चमच्याने काढता येतो. काही महिन्यांत रंग गडद झाला तर तो खराब नाही, चव थोडी उग्र होते इतकंच. वर साचलेलं तपकिरी पाणी परत मिसळून टाका. पांढरा पातळ थर बहुधा यीस्टचा असतो, तेवढा खरवडून काढा. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर डबा टाका. आणि डब्यात नेहमी कोरडा, स्वच्छ चमचा घाला. रश्श्यात बुडवलेला चमचा परत डब्यात गेला की त्या जागी बुरशी धरू शकते.